भाषेच्या रकान्यात दोनच जागा

संपादक महोदय,

2011च्या जनगणनेत गोव्यात कोकणी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 66 टक्के निघाले, मराठी सांगणारे जवळपास 11 टक्के. भाषावादात हे आकडे दोन्ही बाजूंनी हिरिरीने पुढे केले जातात, पण ते कोणत्या प्रश्नातून निघाले हे कुणी पाहत नाही. पुढची शिरगणती 2027च्या फेब्रुवारीत आहे, म्हणून आताच लिहितो.

2011च्या अर्जात भाषेचे प्रश्न दोनच होते. पहिला मातृभाषेचा, म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. आज घरात काय बोलतात हे विचारलेलेच नव्हते. दुसरा, येणाऱ्या इतर भाषांचा, आणि त्या जास्तीत जास्त दोन. आता डिचोली-सत्तरीतला बारावी झालेला मुलगा घ्या. घरी कोकणी, आरती-भजन आणि पेपर मराठीत, बाजारात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. मातृभाषा वगळून भाषा उरल्या तीन, जागा दोन. एक गळणारच. मराठी गळो की इंग्रजी, छापील तक्त्यात ती त्याला येत नाही असेच दिसणार.

दुसरी चूक घाईची. कुटुंबप्रमुखाची भाषा विचारायची आणि तीच खाली सगळ्यांपुढे ओढायची. बेळगावहून आलेल्या सुनेची कन्नड तिथेच पुसली जाते. मातृभाषा माणसागणिक विचारायची, असा प्रगणकांना नियमच आहे. घरच्यांनी प्रगणक उठण्यापूर्वी रकाना वाचून घ्यावा. बोली असेल तर बोलीचेच नाव सांगावे, गटवारी नंतर होते. 2011च्या तक्त्यांत मालवणी कोकणीतच धरलेली आहे.

इंग्रजीचे दुखणे याहून मोठे. नुसत्या 'येते'वरून काही कळत नाही. अमेरिकेत घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता हे विचारून झाल्यावर इंग्रजी कितपत बोलता हेही विचारतात. पर्याय चार: फार चांगली, चांगली, फारशी नाही, अजिबात नाही. गोव्याला तेवढेही पुरणार नाही. इथे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीत शिकलेली बहुतेक मुले पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. विज्ञानाचा धडा खडाखडा वाचतात. पुस्तक मिटून 'झाडाला ऊन कशाला लागते?' विचारा, इंग्रजीत एक वाक्य जुळत नाही. कोकणीत तेच नीट सांगतात. किनाऱ्यावरच्या शॅकमधला वेटर पाहुण्यांशी सफाईने बोलतो, पण वीजबिलामागची सूचना त्याला वाचता येत नाही. अर्जात मात्र दोघांपुढेही 'इंग्रजी' एवढेच.

राज्य सरकारने तालुकावार नमुना पाहणी करावी. समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे असे चार वेगळे रकाने ठेवावेत. वाचनाच्या बाबतीत तोंडी उत्तरावर विसंबू नये, पंचायतीची एखादी इंग्रजी नोटीस हातात द्यावी आणि तिच्यात काय म्हटले आहे ते विचारावे. पाचवीला इंग्रजी संभाषणाचे जादा तास कोणत्या शाळांना हवेत आणि कोणत्या पंचायतीत नोटीस मराठीतूनही लागायला हवी, ते त्यातून ठरवता येईल.

– एक वाचक, डिचोली