गेल्या शतकाची उसनी आठवण

महोदय,

अर्नेस्ट क्लाइन यांच्या ‘रेडी प्लेअर वन’ (२०११) या कादंबरीवर वाचकांचे सरळ दोन तट पडतात. एका तटाला ती डोक्यावर घ्यावीशी वाटते, दुसऱ्याला ती ऐंशीच्या दशकातल्या सिनेमा-गाण्यांची नुसती यादी वाटते. यादीचा आक्षेप मला बराचसा पटतो. कथेत हॅलिडे नावाचा, आभासी जग उभारणारा अब्जाधीश मरताना त्या जगात एक खजिना लपवतो; त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या आवडींवरची कोडी सोडवून जो तो शोधेल, त्याला त्याची सगळी संपत्ती. नायक वेड वॉट्स या शोधात प्रत्येक पेचातून सुटतो तो पाठांतराच्या जोरावर. पॅक-मॅनचा निर्दोष डाव काय, अख्ख्या चित्रपटाचे संवाद काय! (आमच्या पिढीला हे ओळखीचं वाटेल, आम्हीही परीक्षा अशाच दिल्या.)

पण टीकाकार एक धागा सोडून देतात. गुप्त खजिन्याची कल्पना लेखकाने हवेतून आणलेली नाही. अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्यांची नावं छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ या आपल्या व्हिडिओ गेममध्ये एक गुप्त खोली ठेवून तिथे आपलं नाव कोरलं. कादंबरीतला हॅलिडे हाच खेळ आदर्श मानतो. श्रेय नाकारलेल्या कारागिराचा हा रुसवा मला अख्ख्या पाठलागापेक्षा जास्त भिडला.

खरी खटकणारी बाब वेगळीच. ओक्लाहोमा सिटीत एकावर एक रचलेल्या ट्रेलरांत वाढणारी २०४५ सालची मुलं आजोबांच्या वयाच्या हॅलिडेच्या आवडी घोकतात, कारण त्यात वारसाहक्काचं घबाड आहे. त्यांच्या स्वतःच्या काळाचं गाणं, सिनेमा, खेळ जवळपास दिसतच नाही. हे लेखकाला भयंकर वाटलं की रम्य, याचा अंदाज शेवटच्या पानापर्यंत येत नाही.

— एक वाचक, डोंबिवली