काठीची सावली आणि संक्रांत

संपादक महोदय,

मकरसंक्रांतीला शाळांमधून तिळगूळ वाटला जातो, मुले काळे कपडे घालून येतात, छायाचित्रे निघतात आणि विषय तिथेच संपतो. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण मानतो; सूर्य प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, परंतु पृथ्वीच्या परांचन गतीमुळे (तिच्या अक्षाच्या भोवऱ्यासारख्या संथ डोलण्यामुळे) संक्रांत दर सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकत आज १४-१५ जानेवारीवर आली आहे, हे मुलांना सांगायला याहून चांगला मुहूर्त कोणता? मैदानात काठी रोवून डिसेंबरच्या आरंभापासून दर आठवड्याला मध्यान्हीची सावली मोजली (साताऱ्यात मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हे, साधारण साडेबारा), तर ती केव्हा सर्वांत लांब पडते, म्हणजे सूर्य केव्हा वळतो, हे पाचवीतला विद्यार्थीही शोधून काढील. भोगीच्या भाजीतले पावटे, ओला हरभरा, गाजर, वांगी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हा तर या हंगामाच्या शेतीचाच पाठ असून, शेतकऱ्यांची मुले तो आम्हा शहरी पालकांनाही शिकवतील. माझ्या मुलाच्या शाळेत यंदा संक्रांतीची स्पर्धा झाली; तीत गुण फक्त सजावटीला होते. पुढच्या डिसेंबरात निदान ती काठी तरी रोवली जावी, ही विनंती.

– एक पालक, सातारा