रोटरी मायक्रोटोमचे सेक्शन एक पातळ, एक जाड : पाचव्यांदा तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

आज सकाळी आपल्या मदत क्रमांकावर झालेल्या संभाषणानंतर हे पत्र लिहीत आहे. आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेतील रोटरी मायक्रोटोमवर, म्हणजे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या टिश्यूचे सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप (सेक्शन) काढणाऱ्या यंत्रावर, ४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडी लावली असता एक सेक्शन पातळ आणि त्यालगतचे चांगलेच जाड येते. मधूनच चाक रिकामे फिरते, सेक्शन निघतच नाही.

ब्लेड बदला, असे आपण चार वेळा सांगितलेत. चारही वेळा नवे ब्लेड लावले. दोन्ही क्लॅम्प आवळले, क्लिअरन्स अँगल (ब्लेड आणि ब्लॉकमधला कोन) एकेक अंशाने बदलला, टिश्यू नसलेला कोरा पॅराफिनचा ब्लॉकही कापून पाहिला. अखेर ओळखीच्या लेथवाल्याकडून १ मायक्रॉन सरकलेलेही दाखवणारा डायल गेज आणला, तो ब्लॉकला टेकवला आणि दर फेरीला चाक त्याच जागी थांबवून आकडा लिहिला. दहा फेऱ्यांची बेरीज ४० च्या जवळपास भरली, मात्र एका फेरीत २, तर पुढच्या फेरीत ६ किंवा ७. म्हणजे पुढे सरकवणारी यंत्रणा अडकत अडकत चालते. यंत्र बनवणाऱ्यांना हे मी समजावून सांगावे, याचा मला संकोच वाटतो.

हे आकडे वाचून दाखवल्यावर आपले तंत्रज्ञ म्हणाले, "मॅडम, तुमच्या खान्देशात ऊन फार, मेण मऊ पडत असेल." आमचे पॅराफिन ५६ ते ५८ अंशांना वितळते, ब्लॉक बर्फावर असतो, खोलीत एसी आहे, आणि गेजच्या चाचणीत तर काही कापलेच नव्हते, असे मी सांगितले. त्यावर क्षणभर शांतता, आणि मग, "चार आणि सात मायक्रॉनमध्ये असा काय मोठा फरक? डोळ्यांना थोडाच दिसतो!" मायक्रॉन विकणाऱ्या कंपनीचे हे मत ऐकून मला फोन कानापासून दूर धरून पाहावा लागला. आमच्याकडे तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील चट्ट्यांच्या बायोप्सी येतात. जाड सेक्शनमध्ये पेशीकेंद्रके एकमेकांवर चढून गडद दिसतात, आणि गडद केंद्रक पाहूनच आम्ही कर्करोगाचा संशय घेतो. फरक डोळ्यांना दिसतो. आपल्याला दिसत नसेल तर सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आहे. संभाषणाचा शेवट अर्थातच "एकदा ब्लेड बदलून बघा" असा झाला.

वार्षिक देखभाल कराराचे पैसे आपण वेळेवर घेतले आहेत. सात दिवसांत अभियंत्याने येऊन सरकयंत्रणा उघडावी, वंगण व झीज तपासावी आणि माझ्यासमोर गेज लावून दाखवावे. अन्यथा स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या यंत्राबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढच्या फोनवर ब्लेडचा उल्लेख झाल्यास मी फोन ठेवीन. डायल गेज लेथवाल्याला परत करायचा आहे, त्यामुळे येण्याचा दिवस आधी कळवावा.

प्रयोगशाळाप्रमुख, जळगाव