शर्यतीच्या मोटारसायकलला एबीएस नसते, हेही सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेविषयी लिहिताना ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना मागच्या चाकाची घसरण आवरणारी यंत्रणा) आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा) यांची नावे अनेकदा एका दमात घेतली जातात, आणि शर्यतीच्या गाडीत दोन्ही असतात असा वाचकांचा समज होतो. प्रत्यक्षात नियमांनी पहिल्याला मुभा दिली आहे, दुसऱ्याला नाही.

ट्रॅक्शन कंट्रोलचे काम वेग वाढवताना असते. दोन्ही चाकांच्या वेगांतील फरक सेन्सर सतत मोजतात. परंतु वळणावर गाडी साठ अंशांपर्यंत कलते तेव्हा टायर कडेवर टेकतो, त्याचा फिरण्याचा घेर बदलतो आणि नुसती वेगांची तुलना फसवी ठरते, म्हणून गाडी किती कलली आहे हेही संगणकाला कळावे लागते. मागचे चाक ठरलेल्या मर्यादेपलीकडे घसरू लागले, की संगणक इंजिनातील ठिणगी उशिरा पाडतो किंवा तोडतो, अथवा थ्रॉटल (इंजिनाला जाणारी हवा आवरणारी झडप) किंचित मिटतो. घसरण पूर्ण थांबवणे हा त्यामागचा हेतू नसतो, कारण टायर थोडासा घसरत असतानाच सर्वाधिक रेटा देतो. २०१६ पासून सर्व संघांना मॅग्नेटी मारेली या कंपनीचे एकच सॉफ्टवेअर वापरावे लागते; त्यामुळे कोणत्या वळणावर किती हस्तक्षेप हवा, हे ठरवण्यातच अभियंत्यांचा कस लागतो.

ब्रेकची भिस्त मात्र स्वाराच्या बोटांवर असते. जोरात ब्रेक लावताच भार पुढे येतो, मागचे चाक जवळजवळ उचलले जाते आणि जवळपास सारे काम पुढच्या कार्बन डिस्क करतात, ज्या चांगल्या तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. जपानमधील मोतेगी सर्किटवर तर ब्रेकवर इतका ताण येतो की तेथे ३४० मिलिमीटरच्या मोठ्या डिस्क सक्तीच्या कराव्या लागल्या.

'विश्वविजेते एबीएसशिवाय थांबतात, मग आम्हाला ते कशाला?' हा युक्तिवाद तरुणांकडून ऐकू येतो, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. शर्यतीतील स्वार तेच वळण प्रत्येक फेरीत घेतो, रस्ता स्वच्छ असतो, पलीकडे खडीचा पट्टा असतो आणि पडताना फुगणाऱ्या एअरबॅगचा पोशाख २०१८ पासून सक्तीचा आहे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटातील वळणापलीकडे डिझेल सांडले आहे की दरड आली आहे, हे मात्र कोणालाच आधी ठाऊक नसते. आपल्याकडे १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले, ते याच अनपेक्षित प्रसंगांसाठी.

आपल्या क्रीडा पानावरील शर्यतींच्या वृत्तांतांत हा फरक एखाद्या वाक्यात तरी नोंदवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे