मुलांना आपल्या गावाच्या पिनकोडचे अवयव पाडायला द्या

मा. संपादक,

मूळ अवयव शिकवताना शाळांत ३६०, ४२० अशा सोयीच्या संख्या देतात. दोन ओळींत गणित संपते आणि तपासणी नेमकी कुठे थांबवायची, हा प्रश्नच मुलांपुढे येत नाही. त्यासाठी बेळगाव मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड, ५९०००१, फार उत्तम आहे.

अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने नाही. ७, ११ आणि १३ एकाच वजाबाकीत तपासता येतात. या तिघांचा गुणाकार १००१, आणि ५९०००१ म्हणजे ५९० × १००१ वजा ५८९. म्हणून फक्त ५८९ ला भागून पाहायचे. बाकी अनुक्रमे १, ६, ४ उरते, तिन्ही बाद. इथे मुले हमखास फसतात. ५८९ = १९ × ३१ हे दिसले की ५९०००१ लाही १९ ने भाग जातो असे लिहितात. १००१ च्या अवयवांत १९ किंवा ३१ नाहीत, त्यामुळे ही युक्ती त्यांना चालत नाही.

३ ने भागल्यावर १९६६६७ उरतात. खरा कस इथे लागतो. बरेच जण ३७-४१ पर्यंत जाऊन ‘ही मूळ संख्या’ असे ठरवून टाकतात. पण संख्या मूळ नसेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळापर्यंत सापडतोच, आणि १९६६६७ चे वर्गमूळ ४४३ च्या किंचित पुढे आहे. अवयव सापडेपर्यंत किंवा ४४३ येईपर्यंत थांबता येत नाही. १९१ पर्यंत कशानेच भाग जात नाही, आणि मग १९३ ने जातो: १९३ × १०१९.

आता १०१९ साठी पुन्हा २ पासून सुरुवात करायची गरज नाही, आणि हे मुलांना मुद्दाम सांगायला हवे. १०१९ ला १९३ पेक्षा लहान मूळ अवयव असता, तर तो १९६६६७ लाही असता आणि आधीच सापडला असता. १९३ चा वर्ग ३७२४९, म्हणजे १०१९ च्या कितीतरी पुढे. तेव्हा १०१९ मूळच. उत्तर: ३ × १९३ × १०१९.

निपाणीचा ५९१२३७ वेगळी चूक उघडी पाडतो. अंकांची बेरीज २७, म्हणून २७ ने भाग जाईल असे वाटते. प्रत्यक्षात बाकी १८ उरते. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. अवयव ३ × ३ × १७९ × ३६७.

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाला आपल्या गावाचा आणि आजोळचा पिनकोड द्यावा. आधी वहीत मूळ संख्यांची यादी करून घ्यावी. ५९ ने सुरू होणाऱ्या कोणत्याही पिनकोडला ७७३ पर्यंतच्या १३७ मूळ संख्या पुरतात, आणि ती यादी चाळणीने काढताना २३ पर्यंतच्या मूळ संख्यांच्या पटी खोडल्या की काम होते.

– एक गणित शिक्षक, बेळगाव