मे महिन्यात मात्र येऊ नकोस

लातूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मंगल,

संक्रांतीला तुझा फोन आला तेव्हा पार्लरमध्ये वाणाला निघालेल्या बायकांची गर्दी होती. एकीची एकच भुवई झाली होती, दुसरी तशीच. "नंतर बोलते" म्हणाले आणि राहूनच गेलं. शिवाय तुझा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून आज रात्री कागद घेऊन बसले. पुणं सोडून लातूरला येऊ का, म्हणतेस. ये की. पण इथं नोकरी लागेल या आशेवर येणार असशील, तर आहेस तिथंच बरी आहेस.

इथं पार्लरच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, पण पगार देणारी पार्लरं हाताच्या बोटांवर मोजावीत. माझ्याकडच्या पोरीला मी महिन्याला सहा हजार देते. सांगताना जीभ अडखळते, पण आयब्रोचे चाळीस रुपये घेऊन किती देणार? नुसता कट करायचा, ब्लो-ड्राय कुणी दुसरीनं आणि केस धुवायला तिसरी, अशी तुझी तिकडची कामाची वाटणी इथं चालत नाही. इथं झाडूपासून नवरीच्या निऱ्यांपर्यंत सगळं आपणच.

मग पोट कशावर भरतं? रोजचा खर्च निघतो तो पोरींवर. नीटच्या क्लाससाठी गावोगावच्या पोरी इथं खोल्या करून राहतात. रविवारी टेस्ट सुटली की घोळक्यानं येतात, आयब्रो आणि अप्पर लिप करून घेतात, आणि एकमेकींचे मार्क काढत बसतात. घासाघीस करतात, पण पैसे रोख देतात. खरी कमाई लग्नाच्या ऑर्डरींची. हळद, लग्न, साडी, हेअरस्टाइल धरून मी आठ हजार घेते. तुमच्याकडे एवढ्यात नवरीची करवलीसुद्धा तयार होत नसेल!

पण हा गल्ला मुहूर्तांवर जितका चालतो तितकाच सोयाबीनवर. गेल्या सप्टेंबरात पाऊस कसा कोसळला ते तू बातम्यांत पाहिलंसच. शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. त्यानंतर तुळशीच्या लग्नापासूनच्या दोन ऑर्डरी नवरीच्या बापानं स्वतः येऊन मोडल्या. "ताई, पोरीची मावशीच करंल आता साधंसुधं," म्हणाले. मी ॲडव्हान्स परत दिला. धंद्याच्या हिशेबानं चूक केली, हे तूही म्हणशील. मला अजून तसं वाटत नाही.

म्हणून तारखेचं सांगते. तुझा विचार मे महिन्यात यायचा आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात आपल्याकडे लग्नं होत नाहीत. पुढं जेमतेम महिनाभर तिथी मिळतील, की लगेच आषाढी आणि चातुर्मास. दुकानाचं डिपॉझिट भरून तू मेमध्ये बसलीस, तर तुळशीच्या लग्नापर्यंत आरशात स्वतःचंच तोंड बघत बसशील. त्यापेक्षा फेब्रुवारीत ये, गाळा घेऊ नकोस, आणि माझ्यासोबत ऑर्डरी कर. लोकांना तुझा हात कळू दे.

हात म्हणजे काय ते मला गेल्या एप्रिलात कळलं. निलंग्याकडच्या एका गावात साडेबाराच्या अक्षता होत्या, आणि नवरीचे केस टाँगनं वळवायला घेतले तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालला, टाँग नाही. पत्र्याखाली असं उकडत होतं की कपाळावरचा मेकअपचा बेस डोळ्यांदेखत फाटायला लागला. सगळा पुसला, ओल्या स्पंजनं अगदी पातळ थर दिला, आणि कर्ल्सचा नाद सोडून आईनं शिकवलेला खोपा घातला, वर गजरा. ती पोर रडवेली झाली होती, तिला फोटोतल्यासारखं हवं होतं. पण तिची आजी म्हणाली, "आता दिसायली बघ नवरी!" त्या खोप्यावर पुढं तीन ऑर्डरी मिळाल्या.

पाण्याचंही ऐकून ठेव. इथल्या बोअरचं पाणी जड आहे. शाम्पूला फेस येत नाही, आणि स्पा करूनही केस काथ्यासारखेच राहतात. मी शेवटचं पाणी जारचं वापरते, तेवढा खर्च धरावाच लागतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तो उन्हाळा आठव. तेव्हा मी केस धुऊन देणंच बंद केलं होतं. आणि हेअर कलरची टेस्ट कानामागं ४८ तास आधी घ्यायची, हे इथं सांगितलं की बायका हसतात. "लग्न उद्या हाय, ताई!" तरी मी टेस्टशिवाय लावत नाही.

तुझी आई आपल्या कामाला "न्हाव्याचं काम" म्हणाली ते मला लागलं, खोटं कशाला सांगू. माझ्या आजोबांना न्हावीकामाबद्दल खळ्यावर सुपानं धान्य मिळायचं, तेही सगळ्यांचं देऊन झाल्यावर. आज माझा दीर पुढं जेन्ट्स सलून चालवतो, मागं पडद्याआड माझं पार्लर. त्याला विश्वकर्मा योजनेतून १५ हजारांची अवजारं मिळाली, पाच टक्के व्याजानं लाखाचं कर्जही झालं. माझं कर्ज मी मुद्रा योजनेतून घेतलं. आणि जे लोक त्याला नावानं हाक मारत नाहीत, तेच मला "मेकअप आर्टिस्ट मॅडम" म्हणतात. कातडं एकच, केस तेच. काकूंना यातलं काही सांगू नकोस, त्या वाईट नाहीत.

धाकटीला या लाईनमध्ये घालायचं म्हणतेस, तर दोन महिन्यांच्या डिप्लोमावाल्यांच्या नादी लागू नको. माझ्या भाचीनं अशा एका क्लासला चाळीस हजार भरले. डमीच्या डोक्यावर दोन कट शिकवले आणि फेट्यासकट सर्टिफिकेटचा फोटो काढला. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो. दहावी झालीय ना तिची? मग ॲडमिशन निघाल्यावर तिथंच फॉर्म भर.

फेब्रुवारीत औशाजवळ एक मोठी ऑर्डर आहे, नवरी आणि तिच्या दोन बहिणी. मला एकटीला झेपणार नाही. पैसे निम्मे-निम्मे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं ये, पहाटे चारला निघायचंय. आणि तुझी कात्री घेऊन ये. इथला धारवाला कात्रीला विळ्यासारखी धार लावून देतो.

तुझीच,
सुनंदा