डेंट्रीचं जंगल कुणाचं?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या डेंट्री वर्षावनावरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. ॲमेझॉनपेक्षाही जुनं जंगल, 1988 पासून जागतिक वारसा यादीत, कॅसोवरी पक्षी, नदीतल्या मगरी, फेरीबोट, सगळं आलं. केर्न्समध्ये शाकाहारी जेवण कुठे मिळतं तेही आलं. हे जंगल ज्यांचं, त्या तिथल्या मूळ रहिवासी कुकू यलंजी लोकांचं नाव मात्र कुठेच नाही. उलट लेखकाने त्याला 'माणसाचा स्पर्श न झालेलं' म्हटलंय.

मी सातारची. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. लेक-जावई ब्रिस्बेनला असतात, त्यांच्यासोबत दोन वर्षांपूर्वी या जंगलात गेले होते. तिथल्या मॉसमन गॉर्ज या दरीत स्वतःची गाडी आत नेता येत नाही. बाहेरच्या केंद्रापाशी ती लावायची आणि त्यांच्या बसने पुढे जायचं. मला आधी ही पैसे काढायची युक्ती वाटली. मग कळलं, वाटेत यलंजींची वस्ती आहे आणि पूर्वी पर्यटकांच्या गाड्या तिच्यातूनच जायच्या. आपल्या आळीतून रोज अशी जत्रा गेली असती तर?

आम्हाला फिरवणारा मुलगा यलंजीच होता. त्याने आधी ओला पाला पेटवून त्या धुराभोवती आम्हाला फिरवलं; जंगलात शिरण्याआधी वाईट ते इथेच राहू दे, म्हणाला. एका झाडाची पानं पाण्यात चोळून रिठ्यासारखा फेस काढून दाखवला. ब्लॅक बीनच्या विषारी बिया चिरून, वाहत्या पाण्यात दिवसचे दिवस ठेवून खाण्याजोग्या कशा करतात ते सांगितलं. आपल्याकडे कडू करांद्यांचा कडवटपणा काढतात, त्याच जातीची ही विद्या. स्पर्श न झालेल्या जंगलात ती कुठून आली असेल?

पुढे पायवाटेवर निळ्याशार गोट्यांसारखी फळं पडली होती. एक उचलून गर खरवडला, तर आत रुद्राक्ष! आपल्या जपमाळेतलाच. मास्तरणीचा हात, बी कधी पर्समध्ये गेलं कळलंच नाही. त्या मुलाला बरोबर कळलं. हसत म्हणाला, हे कॅसोवरीचं जेवण, ती खाते आणि बी लांब नेऊन टाकते, परत ठेवा. मी ओशाळले. माझ्या माहेरच्या देवराईत चपला बाहेर काढून जातात, वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. आणि मला हे परक्या मुलुखात सांगावं लागलं.

बरं, हक्क म्हणाल तर तो कागदावरही आहे. 2007 साली न्यायालयाने त्यांचं नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवासी म्हणून भूमीवरचा पिढीजात हक्क, मान्य केलं. 29 सप्टेंबर 2021 रोजी क्वीन्सलँड सरकारने डेंट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानं, म्हणजे 1 लाख 60 हजार हेक्टरहून जास्त जमीन, पूर्वेकडच्या कुकू यलंजींना परत केली. उद्यानांचा कारभार आता दोघं मिळून बघतात. लेखात हे दोन ओळींत बसलं असतं.

नावांचीही गंमत बघा. नदीला डेंट्री हे नाव 1873 मध्ये मिळालं, तेही रिचर्ड डेंट्री नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञावरून. केप ट्रिब्युलेशन, म्हणजे संकटाचं टोक. 1770 साली कॅप्टन कुकचं जहाज तिथून जवळच्या प्रवाळावर आदळलं म्हणून. यलंजी त्या जागेला कुल्की म्हणतात. संकट आलं कुकवर, नाव चिकटलं त्यांच्या भूमीला!

प्रवासवर्णनात कुणी पानभर इतिहास लिहावा असं माझं म्हणणं नाही. पण जिथे हॉटेलचं नाव आणि बिलाचा आकडा छापतो, तिथे राखणदाराचं नाव छापायला जागा नसते हे पटत नाही. तेव्हा पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती द्यावी ही विनंती. छापताना उच्चाराचा घोळ नको म्हणून सांगते : तो मुलगा 'यलंजी' असं म्हणायचा, 'य' ऱ्हस्व. मी दोनदा 'यालांजी' म्हटलं, दोन्ही वेळा त्याने सुधारलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा